वाऱ्याचे दार

मुलांनो, आधी माफी मागतो. माझे शुद्धलेखन कच्चे आहे. वेलांटी पहिली की दुसरी, यात माझी अजून गल्लत होते. मोठे शब्दही मला येत नाहीत, कारण माझी शाळा आठवीतच सुटली. आपल्या वसाहतीच्या वाचनालयातल्या कुमुदताई मला म्हणाल्या, "भित्तिपत्रकात या वेळी शहराच्या हवेवर लिहायचं आहे. तू घरोघरी कूलर आणि एसी बसवत फिरतोस, तूच काहीतरी लिही." मी म्हणालो, "ताई, मला त्यातलं काही कळत नाही." त्या म्हणाल्या, "मग न कळलेलं लिही." म्हणून ही गोष्ट लिहिली आहे. चूक दिसली तर पेन्सिलीने नीट करा, पण गोष्ट शेवटपर्यंत वाचा.

जंगल जिथे विरळ होत जाते आणि माळ सुरू होतो, तिथे एक टेकाड होते. त्या टेकाडाच्या पोटात एक घूस आपल्या लहान पिल्लाबरोबर राहत असे. तिच्या शेजारी एक चिचुंद्री होती. समोर उंदीरमामाचे मोठे कुटुंब होते. बोळाच्या टोकाला, सगळ्यांत रुंद बिळात साळिंदरकाका राहत. ते टेकाडाचे पंच होते. त्यांच्या अंगावर काटे असल्यामुळे त्यांच्याशी वाद घालायला कोणी फार जवळ जात नसे.

टेकाडावर एक जुनी रीत होती. प्रत्येक बिळाला दोन दारे ठेवायची. एक पुढचे, बोळात उघडणारे. दुसरे म्हणजे मागच्या बाजूने थेट टेकाडाच्या माथ्यावर निघणारे अरुंद भुयार. त्याला वाऱ्याचे दार म्हणत. त्या दाराने कोणी येत नसे, कोणी जात नसे, आणि तिथे कोणी एक दाणाही साठवत नसे. पायथ्याकडून वारा बोळात शिरे, घराघरांत जाई आणि वाऱ्याच्या दाराने वर निघून जाई.

नवे बीळ खणून झाले की घरची बाई पुढच्या दारात उभी राहून सावरीच्या कापसाचा एक पुंजका सोडी. पुंजका तरंगत आत जाई, घरभर फिरे आणि माथ्यावर बाहेर पडे. वर बसलेली पोरे ओरडत, "निघाला, निघाला!" मगच सगळे आत पाऊल ठेवत आणि मिळून दाणे खात. कापूस का सोडायचा, हे कोणी कोणाला सांगत नसे. आजीने सोडला, आईने सोडला, म्हणून लेक सोडी.

मग एका वर्षी टेकाडाच्या पायथ्याशी माणसांनी भुईमूग पेरला. दाराशीच खायला मिळू लागले. पूर्वी भुकेने जाणारी पिल्ले आता जगू लागली. लांबचे नातेवाईकही येऊन राहिले. कोणाचे बीळ नांगराखाली गेले होते, कोणाचे ओढ्याच्या पुरात. टेकाडाने कोणाला नाही म्हटले नाही. ही चांगलीच गोष्ट झाली, असे मला वाटते. पण टेकाड होते तेवढेच राहिले.

उंदीरमामाच्या मुलाचे लग्न ठरले तेव्हा मामी म्हणाली, "सून येणार, पण तिला झोपायला जागा कुठे आहे? का माझ्या डोक्यावर झोपवू?"

मामा म्हणाला, "अगं, मागचं भुयार रिकामंच पडलंय की. माझ्या जन्मात तिथून कोणी आलं नाही नि गेलं नाही."

त्याने माथ्यावरचे तोंड चिकणमातीने लिंपून टाकले आणि भुयाराची खोली केली. खोली छान झाली. पण कापूस सोडायची वेळ आली तेव्हा पुंजका आत गेला आणि मधेच खाली बसला. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. दाणे तर सोलून ठेवलेले होते.

"त्यात काय एवढं," असे म्हणून मामाने पुंजका तोंडात धरला, पुढच्या दाराने बाहेर गेला, टेकाडाला वळसा घालून माथ्यावर चढला आणि तिथे तो सोडून दिला. पोरे ओरडली, "निघाला!" सगळ्यांनी दाणे खाल्ले. तेव्हापासून तशीच रीत पडली. कापूस माथ्यावर नेण्याचा मान मामाचा. एखाद्या घरी मामा नसला तर शेजारचा मामा बोलावून आणत, आणि तो आधी थोडा रुसून मगच येई.

हळूहळू घरोघरी वाऱ्याच्या दाराची खोली झाली. घुशीचेही तसेच झाले. तिची धाकटी बहीण ओल्या अंगाने आणि कुडकुडत्या पिल्लांसह दारात उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, कुठे झोपू?" आता तुम्हीच सांगा, घूस काय म्हणणार होती? तिने आपले भुयार वरून बंद केले, आत मऊ गवत अंथरले आणि बहिणीला दिले.

त्यानंतर टेकाडावर एक गोष्ट घडू लागली. सकाळी उठल्यावर सगळ्यांचे डोके जड असायचे. लहान पिल्ले खेळता खेळता मधेच बसायची. कोणालाही कारण कळेना. उंदीरमामा म्हणाला, "मला तर वास येतो." वास म्हटल्यावर सगळ्यांच्या माना चिचुंद्रीच्या घराकडे वळल्या.

साळिंदरकाकांनी बोळात सभा घेतली. मामा म्हणाला, "आमचं वैर नाही हो हिच्याशी. पण नाक आहे ना आम्हालाही."

चिचुंद्री म्हणाली, "माझा वास येतो, मला माहीत आहे. पण मी इथे जन्मापासून आहे, आणि वासही तेव्हापासूनच आहे. तेव्हा कोणाचं डोकं दुखलं नाही. आताच कसं दुखतं?"

"तेव्हा आम्ही थोडे होतो, थोड्या डोक्यांना थोडं दुखायचं," मामा म्हणाला. त्याला स्वतःलाही हे नीट पटले नाही, पण लोक हसले म्हणून तो खाली बसला.

चिचुंद्रीने घुशीकडे पाहिले. दोघी किती वर्षे एका भिंतीला पाठ लावून राहत होत्या. घुशीचे पिल्लू झाले तेव्हा चिचुंद्रीनेच रात्रभर जागून त्याला उबेत धरले होते. घूस काही बोलली नाही. ती आपल्या पायाच्या नखांकडे पाहत राहिली. चिचुंद्री उठली आणि टेकाडाच्या पलीकडच्या उतारावर, जिथे कोणीच राहत नव्हते, तिथे निघून गेली. तिच्या रिकाम्या घरात त्याच दिवशी दोन कुटुंबे राहायला आली.

डोके दुखायचे थांबले नाही.

मग साळिंदरकाकांनी ठरवले की टेकाडाची हवा रोज तपासायची. तपासणीसाठी सरड्याला नेमले. सरडा माथ्यावरच्या दगडावर ऊन खात बसे. रोज सकाळी खालून कोणीतरी विचारी, "हवा बरी आहे का?" सरडा मान वरखाली हलवी. खाली निरोप जाई, "हवा बरी आहे." साळिंदरकाका म्हणत, "हवा बरी आहे, म्हणजे दुखणं मनाचं आहे. मन घट्ट करा." सगळे मन घट्ट करत. पण मन घट्ट करून श्वास मोकळा होत नाही, हे ज्याने करून पाहिले आहे त्याला ठाऊक आहे.

घुशीचे पिल्लू सगळ्यांत आधी आजारी पडले. त्याची छाती वर येई आणि खाली जायला वेळ लावी. नाकपुड्या फुगत. रात्री ते झोपेत पायांनी गवत उकरी, जसे काही कुठून तरी बाहेर पडायचे आहे. घूस त्याला मांडीवर घेऊन बसे आणि तिला काय करावे ते सुचत नसे.

पण घुशीचे हात हुशार होते. तिने वडाची दोन मोठी पाने आणली, कडेने तंतूंनी शिवली, मधे काटक्या बसवल्या आणि एक भाता केला. पाय दिला की भाता मिटायचा, पाय काढला की उघडायचा. मागच्या भिंतीला एक भोक पाडून तिने भात्याचे तोंड त्यात बसवले. आता भाता दाबला की घरातली कोंदट हवा भोकातून बाहेर जाई आणि पुढच्या दारातून बोळातली हवा आत येई. बाहेर म्हणजे कुठे, हे तिने विचारले नाही. पिल्लू त्या दिवशी उठून बसले आणि दाणा मागू लागले. एवढ्या आनंदात कोणाला असले प्रश्न पडतात?

दुसऱ्याच दिवशी उंदीरमामा आला. "वहिनी, नातवाला बरं नाही. तुमचं ते फुसफुस करणारं आमच्याकडेही लावून द्या की."

घुशीने लावून दिले. मग त्याच्या शेजाऱ्याला, मग त्याच्या शेजाऱ्याला. ती कोणाला नाही म्हणू शकत नव्हती, कारण सगळ्यांची पिल्ले होती. साळिंदरकाकांनी सर्वांत मोठा भाता लावून घेतला आणि बोळात उभे राहून म्हणाले, "आपलं टेकाड आता पुढे गेलं." लोकांनी घुशीला फुले दिली. घरोघरी दिवसभर भाते फुसफुसू लागले. वडाची पाने वाळत, तडकत, त्यांचा चुरा हवेत उडे. मग नवी पाने आणायची, पहिल्यापेक्षा मोठी. भाता दाबायला आणखी हात लागत, म्हणून गावाकडचे आणखी पाहुणे बोलावले गेले, आणि तेही श्वास घेतच होते.

इथे मला स्वतःलाच गोंधळायला होते, मग बिचाऱ्या घुशीचे काय झाले असेल. भाता चालू असला की पिल्लाला जरा बरे वाटे. बंद केला की ते कासावीस होई. म्हणून भाता चांगला. पण घरोघरी जितके भाते वाढले तितके पिल्लू पहिल्यापेक्षा जास्त आजारी होत गेले. म्हणून भाता वाईट. मग भाता हे औषध आहे की आजार? घूस भाता दाबता दाबता विचार करी, आणि विचार करता करता आणखी जोराने दाबी.

एके सकाळी ती अशीच दाबत होती. पिल्लाच्या अंथरुणात सावरीचा कापूस होता. त्यातला एक पुंजका उडाला, भात्यात ओढला गेला आणि भोकातून बाहेर गेला. घुशीने लक्ष दिले नाही. थोड्या वेळाने पुढच्या दारातून एक पुंजका तरंगत आत आला. चुऱ्याने काळवंडलेला. तो आला तो सरळ पिल्लाच्या नाकावर बसला. पिल्लाला ठसका लागला.

घुशीने तो पुंजका उचलला. "कोणाचा कचरा आमच्या घरात येतो?" ती रागाने म्हणाली. मग तिचा हात थांबला. पुंजका तिला ओळखीचा वाटला. पण कापसाला काय ओळखायचे, सगळा सारखाच.

तिने पळसाचे फूल चुरगळले, त्यात एक नवा पुंजका बुडवला आणि वाळवला. तो केशरी झाला. तसा पुंजका टेकाडावर दुसरा नव्हता. तो भात्यात सोडून तिने एकदा जोरात पाय दिला. पुंजका भोकातून गेला. घूस पुढच्या दाराने धावत सुटली.

भिंतीपलीकडे चिचुंद्रीचे जुने घर होते, जिथे आता दोन कुटुंबे राहत होती. घूस तशीच आत शिरली. "अहो, कोण पाहिजे?" घरातली बाई दचकून म्हणाली. "केशरी कापूस," घूस म्हणाली. तेवढ्यात तो भिंतीतून आत आला, घरातल्या भात्याने तो ओढला आणि पलीकडे टाकला. घूस पुढच्या घरी. तिथूनही तो पुढे. "काय हो घूसताई, सकाळी सकाळी?" घूस त्याही पुढच्या घरी. बोळ वळून मामाच्या घराशी आला. तिथे सून नुकतीच निजली होती. "वहिनी, जरा खोकून तरी यायचं," मामा म्हणाला. खोकायला कोणाला सांगावे लागत नव्हते. केशरी पुंजका सुनेच्या अंगावरून गेला, मामाच्या भात्यात शिरला आणि साळिंदरकाकांच्या घरात निघाला. काकांच्या मोठ्या भात्याने त्याला असा फेकला की तो बोळात आला. तोवर अर्धे टेकाड घुशीच्या मागे धावत होते. का धावतो आहोत हे बऱ्याच जणांना माहीत नव्हते.

पुंजका बोळातून सावकाश तरंगत आला आणि घुशीच्या दारात शिरला. पिल्लू श्वास आत ओढत होते. त्या श्वासाबरोबर पुंजका खाली आला आणि त्याच्या नाकावर बसला. आता तो केशरी राहिला नव्हता.

मग सगळे एकदम बोलू लागले.

"म्हणजे तुमचा दम आमच्या घरात."

"आणि तुमचा आमच्या. आम्ही काय सोन्याचा सोडतो?"

"काका, सगळ्यांना भाते बंद करायला सांगा."

साळिंदरकाका म्हणाले, "बरोबर आहे. सगळ्यांनी एकदम बंद करायचे."

"पण पहिला कोण?" मामाने विचारले. "जो पहिला बंद करील त्याच्या घरात सगळ्यांचं येऊन साचणार. माझ्या घरात नातू आहे."

"एकदम म्हटल्यावर पहिला कोणी नसतो."

"तरी कोणीतरी आधी पाय काढणार ना, काका?"

काकांनी वर सरड्याला विचारायला एक उंदीर पाठवला. सरड्याने मान हलवली. ती हो म्हणून हलवली की नाही म्हणून, यावर नवा वाद सुरू झाला. आणि वाद ऐकताना प्रत्येक जण दारातूनच बोलत होता, कारण एक पाय घरातल्या भात्यावर ठेवायचा होता.

घुशीने पिल्लाकडे पाहिले. त्याची छाती वर आली आणि बराच वेळ तशीच राहिली. तिने वाद सोडला. तिने पिल्लाला मानेशी अलगद तोंडात धरले आणि बोळातून पायथ्याकडे निघाली. "कुठे चाललीस?" असे सगळे विचारत होते. तोंडात पिल्लू असल्यामुळे तिला उत्तर देता येत नव्हते. जिथे भाता नाही असे एकच घर तिला माहीत होते.

पलीकडच्या उतारावर चिचुंद्री दारात बसून मूळ सोलत होती. घुशीने पिल्लाला तिच्या पुढ्यात ठेवले. चिचुंद्रीने आधी पिल्लाकडे आणि मग घुशीकडे पाहिले.

"माझ्या घरात वास येईल," चिचुंद्री म्हणाली.

"येऊ दे."

"तुझ्या उंदीरमामाला चालेल का, विचारून ये."

"त्या दिवशी मी बोलले नाही," घूस म्हणाली. "बोलायला हवं होतं. आता तू मला काहीही बोल, पण आधी याला आत घे."

चिचुंद्रीने मूळ खाली ठेवले. "बोलेन. सावकाश बोलेन. आण इकडे त्याला." तिने पिल्लाला उचलून आत, मागच्या भिंतीपाशी निजवले. घुशीने वर पाहिले. तिथे एक अरुंद भुयार सरळ वर गेले होते, आणि त्याच्या टोकाला आभाळाचा वाटोळा तुकडा दिसत होता. पायांना गार वाटले. दारातून वारा येत होता आणि त्या भुयाराने वर जात होता. कोणी काही दाबत नव्हते.

"वाऱ्याचं दार ठेवलंस?" घुशीने विचारले.

"ठेवायचं असतं म्हणून ठेवलं. कापूसही मीच सोडला. मग धावत वर जाऊन मीच म्हटलं, निघाला. म्हणायला दुसरं होतं कोण?"

घूस भुयाराखाली बसून राहिली. तिच्या डोक्यात सगळे हळूहळू उलगडत होते. उलगडले तसे आणखी दुखत होते. आपण जे दार बंद केले त्याचेच काम आपण भात्याने करायला गेलो, आणि तेही दुसऱ्याच्या घरात.

ऊन कलले तेव्हा पिल्लाची छाती शांतपणे वरखाली होऊ लागली. मग त्याने डोळे उघडले, इकडेतिकडे पाहिले आणि नाक मुरडले.

"आई," ते म्हणाले, "इथे कसला तरी वास येतो."

घुशीला रडू आले. चिचुंद्री हसत हसत म्हणाली, "येतो ना? घे, पोटभर घे."

दुसऱ्या दिवशी घूस टेकाडात परत आली. तिने आधी भात्याचे तोंड भिंतीतून काढले आणि ते भोक मातीने बंद केले. मग माथ्यावर जाऊन आपल्या भुयाराची लिंपलेली माती नखांनी खरवडू लागली. बहीण खालून म्हणाली, "ताई, आणि आम्ही?"

"माझ्यापाशी. पाय पोटाशी घेऊन झोपू."

"दाटी होईल गं."

"दाटी होईल. भुईमूग निघाला की पलीकडच्या उतारावर तुझं नवं बीळ खणू. मी येईन खणायला. तोवर दाटीत झोपू, पण श्वास घेऊन झोपू."

माती निघाली आणि टेकाडाच्या पोटातली कोंडलेली हवा तिच्या घरातून अशी वर निघाली की घुशीच्या मिशा मागे गेल्या. शेजारच्या बाईने दारातून डोकावून विचारले, "कुठला भाता लावलात हो? आवाज येत नाही." घूस म्हणाली, "भाता नाही. दार आहे." शेजारीण बराच वेळ त्या भुयाराखाली उभी राहिली. संध्याकाळी तिच्याही माथ्यावर खरवडल्याचा आवाज आला. मामाने मात्र सुनेला विचारून सांगतो असे सांगितले आणि तो भाता दाबत राहिला. सरडा खाली आला आणि लाजून म्हणाला, "माझी मान आपोआप हलते. मी काही म्हणत नव्हतो." साळिंदरकाका चिचुंद्रीला परत बोलवायला स्वतः गेले. ती म्हणाली, "येईन कधीतरी. आधी तुमचा वास जाऊ द्या."

पुढे सगळ्या टेकाडाचे काय झाले, हे मला ठरवता येत नाही. सगळ्यांनी दारे उघडली असे लिहिले तर गोष्ट गोड होईल, पण मामासारखी माणसे मी रोज पाहतो. आणि मामा वाईट नाही. त्याच्या घरात नातू आहे. मीही लोकांच्या भिंतीला भोक पाडतो आणि गरम हवा बाहेर सोडून येतो. लोक विचारतात, "गार होईल ना?" मी म्हणतो, "होईल." बाहेर काय होईल ते कोणी विचारत नाही, आणि मला विचारले तरी सांगता आले नसते. म्हणून काल संध्याकाळी मी तात्पर्याची जागा रिकामी ठेवली आणि कागद घडी करून ठेवला.

आज सकाळी उठलो. आमच्या खोलीत मागच्या भिंतीला वर एक झरोका आहे. दादाचे लग्न झाले तेव्हा सामान ठेवायला आम्ही त्याच्यापुढे फळी ठोकली होती. मी फळीवरचे डबे खाली काढले, फळी उचकटली आणि झरोक्यात कोंबलेले पोते ओढून काढले. वहिनी म्हणाली, "भावजी, हे डबे आता कुठे ठेवायचे?" मी म्हणालो, "माझ्या पलंगाखाली." मग आईच्या वातीच्या डब्यातून थोडा कापूस घेतला आणि दारात उभा राहून सोडला. तो खोलीत बराच वेळ इकडेतिकडे फिरला. कुठे जावे ते त्यालाही कळत नव्हते. मग एकदम वर झाला आणि झरोक्यातून निघून गेला. मागच्या गॅलरीत शेवंताकाकू कुरडया वाळत घालत होत्या. त्यांचा आवाज आला, "हा कापूस कोणाकडून आला गं?" एरवी असे कोणी विचारले की मी गप्प राहतो. आज मी झरोक्याकडे तोंड केले आणि म्हणालो, "आमच्याकडून, काकू. घ्यायला येतो." कापूस घेऊन आलो, आणि मग खालचे तात्पर्य लिहिले.

तात्पर्य : आपण जे बाहेर टाकतो ते कोणाच्या तरी घरात जाते, म्हणून माणसे वाढली तरी वाऱ्याची जागा कोणाला देऊ नये, आणि नवे यंत्र लावताना आपले घर किती गार होईल याबरोबर ते कोणाच्या दारात फुंकणार आहे, हेही विचारावे.